अनुभव धागा : बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रोड ज्यांच्या दारावरून जातो त्यांच्यासाठी

केळीबांध

परवा अडावदहून घरी येत होतो. आमच्या बाजूला रुंदीकरण चाललंय, दोन्हीकडे माती उकरलेली. त्या मातीत किलोमीटरचा एक दगड उताणा पडलेला दिसला. डोकं हिरवं, पोटावर 'अंकले' एवढीच अक्षरं, पुढची चिखलात. गाडी थांबवली. बायको म्हणाली, काय पडलं? म्हटलं काही नाही, अप्पा आठवले.

हिरव्या डोक्याचा दगड राज्य महामार्गाचा, पिवळ्या डोक्याचा राष्ट्रीय. हे मला शाळेत नाही, अप्पांनी शिकवलं. त्यांच्या सायकलच्या नळीवर टॉवेल गुंडाळून मी बसायचो आणि दर दगडाला ते म्हणायचे, वाच. 'चोपडा' लवकर जमलं. 'शिरपूर' जमलं. 'अंकलेश्वर'ला मी महिनाभर 'अंकलेवर' म्हणत होतो आणि अप्पा तेवढा वेळ पायडल थांबवून दगडाजवळ उभे राहायचे. अर्धा श आणि त्याला चिकटलेला व, हे जोडाक्षर मी बोटाने त्या दगडावर गिरवलंय. डांबराचा काळा रंग बोटाला लागायचा.

अंकलेश्वर म्हणजे महादेवाचं मोठं देऊळ असणार, अशी माझी खात्री होती. ओंकारेश्वर, त्र्यंबकेश्वर, तसं अंकलेश्वर. आमची आजीमाय तर श्रावण सोमवारी त्या दगडाला हात जोडून पुढे जायची. पुढे डिप्लोमा झाल्यावर एका केमिकल कंपनीच्या मुलाखतीला मी खरोखर अंकलेश्वरला गेलो. पहाटे उतरलो, तर डोळे चुरचुरले. रिक्षावाल्याला विचारलं, देऊळ कुठे आहे? तो म्हणाला, कौनसा देऊळ, जीआयडीसी (म्हणजे तिथली औद्योगिक वसाहत) जाना है ना? नोकरीही मिळाली नाही आणि महादेवही.

तर मंडळी, बऱ्हाणपूर, रावेर, सावदा, फैजपूर, यावल, किनगाव, अडावद, चोपडा, शिरपूर, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा, मग गुजरातेत सागबारा, डेडियापाडा, नेत्रंग आणि शेवटी ते अंकलेश्वर. पश्चिमेला तोंड केलं की डाव्या हाताला तापी, उजव्या हाताला सातपुडा आणि मधे आपण. आता काही तुकडे राष्ट्रीय महामार्गात गेलेत, दगडांची डोकी पिवळी होतील. त्याआधी ज्याला जे आठवतं ते लिहा. मोठं लिहिलंच पाहिजे असं नाही.

सावद्याची_सून

मलापण देऊळच वाटायचं!!! मी तर नवस बोलले होते दहावीला, की पास झाले तर अंकलेश्वरला येईन. फेडायचा राहिलाय अजून. आता कळलं गणितात ३६ का पडले.

रावेरी_भो

काय भो, सकाळी सकाळी रडवलं. लिहितो.

आमच्या घरची केळी. माझ्या लहानपणी घड बैलगाडीत भरून स्टेशनवर न्यायचे, तिथून वॅगनमध्ये आणि वॅगन दिल्लीकडे. गाडीत खाली केळीची पानं, मग घड, वर पुन्हा पानं, ऊन लागू नये म्हणून. रात्री निघायचं. कण्याला खाली कंदील लटकवलेला, तो हलायचा तशी चाकाची सावली रस्त्यावर फिरायची. एकामागे एक वीस-पंचवीस गाड्या. मी घडांच्या वर झोपायचो, उठायचो तेव्हा स्टेशन.

केळीचा चीक माहिती आहे का कोणाला? कापला की पाण्यासारखा दिसतो. कपड्यावर पडला की दुसऱ्या दिवशी तपकिरी, तिसऱ्या दिवशी काळा, आणि मग मरेपर्यंत जात नाही. साबण लावा, लिंबू लावा, रॉकेल लावा. आमच्याकडे प्रत्येकाचा एक 'चिकाचा सदरा' असायचा, तो फक्त कापणीला घालायचा. मी यावलला मुलगी बघायला गेलो तेव्हा घाईत तोच घातला. अर्ध्या रस्त्यात कळलं. मुलीच्या वडिलांनी छातीवरचे डाग बघितले आणि पहिलाच प्रश्न विचारला, मृगबाग की कांदेबाग? म्हणजे केळीची लागवड पावसाळ्याच्या सुरुवातीची की पावसाळा संपतानाची. म्हटलं दोन्ही. लग्न जमलं.

सावद्याची_सून

@रावेरी_भो दोन्ही 😀 म्हणजे वर्षभर पैसा. हुशार सासरे.

चोपडेकर_हडपसर

बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही की रावेर सोडलं तर तापीच्या उत्तरेला रेल्वेच नाही. यावल नाही, चोपडा नाही, शिरपूर नाही, शहादा नाही, तळोदा नाही. सुरत-जळगाव लाईन सगळी नदीच्या पलीकडून गेली. त्यामुळे आमच्यासाठी रेल्वे म्हणजे हाच रोड. पुण्यातला रूममेट विचारायचा, तुमचं स्टेशन कुठलं? मी सांगायचो, एसटी स्टँड.

मनमाड-इंदूर लाईनला २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, ती शिरपूरवरून जाणार. माझ्या आजोबांनी पण ह्या लाईनची वाट बघितली. बघू.

तापीपार

नदीच्या ह्या बाजूला या की मग, आमच्याकडे स्टेशनच स्टेशनं.

चोपडेकर_हडपसर

@तापीपार मुलगी देत असाल तर येतो.

रिटायर_बिल्लावाला

नमस्कार. नातवाच्या फोनवरून लिहितो आहे, चुका असतील. मी ह्या रोडवर पुष्कळ वर्षं कंडक्टर होतो. तेव्हा मशीन नव्हतं, तिकिटांचा ट्रे आणि पंच. घंटीची दोरी.

एक प्रसंग सांगतो. जुनी गोष्ट आहे, तेव्हा ह्या रोडवर पूल कमी आणि फरशा, म्हणजे पुरात बुडणारे बुटके पूल, जास्त होत्या. सातपुड्यात पाऊस झाला की आपल्याकडे कोरडं ऊन असलं तरी तासाभरात फरशीवरून पाणी. सुकी, मोर, अनेर, अरुणावती, गोमाई, सगळ्या वरूनच येतात आणि सगळ्यांना हा रोड आडवा ओलांडतो. ज्येष्ठातली शेवटची लग्नतीथ. माझ्या गाडीत अर्धं वऱ्हाड, नवरदेवासकट, कारण त्यांचा ट्रक बंद पडला होता. फरशीवर पाणी आलं. ड्रायव्हर म्हणाला, मी घालत नाही. बरोबर म्हणाला. आम्ही ह्या काठावर, नवरीकडचे लोक पलीकडच्या काठावर, बँड पण पलीकडे. मधे गढूळ पाणी, लाकडं वाहत चाललेली.

मुहूर्त टळायला आला तेव्हा भटजी (ते आमच्याकडे होते) म्हणाले, दोन्हीकडून दिसतंय ना एकमेकांना? मग म्हणू मंगलाष्टकं. आणि म्हटली हो. ह्या काठावरून म्हणायचे आणि त्या काठावरचे अक्षता पाण्यात टाकायचे. बँडवाल्याला ऐकू येत नव्हतं म्हणून मी हात वर करून खूण केली, डबल बेल देतो तशी. हार दोन तासांनी घातले, पाणी उतरल्यावर.

वेबिलावर उशिराचं कारण काय लिहू, तर 'नाल्यास पूर' एवढंच लिहिलं.

केळीबांध

काका, दंडवत. 'नाल्यास पूर'!

गुळनदी

😂😂 त्या जोडप्याचं पुढे काय झालं?

रिटायर_बिल्लावाला

पुढे मुलंबाळं झाली. नवरदेव बरेच दिवस माझ्या गाडीला रोज असायचा. भांडला की म्हणायचा, तेव्हाच पाणी उतरलं नसतं तर बरं झालं असतं.

पपईवाला_शहादा

मी शहादाना. आम्हना आठे रस्तामा खड्डा शे का खड्डामा रस्ता शे, हाई आजून कोन्हीच सांगी नही शकनं. पपईना ट्रक आनि मन्ही मोटरसायकल दोन्ही सारखाच नाचतस.

अनेरकाठ

@पपईवाला_शहादा भाऊ, बठ्ठास्ले तीच गत शे.

हिशोबी_मास्तर

मी मूळचा रावेर तालुक्यातला, आणि पहिली नेमणूक अक्कलकुव्याच्या पलीकडे. म्हणजे रस्ता तोच, फक्त मी एका टोकाला आणि आई दुसऱ्या टोकाला. अकरा वर्षं दिवाळी आणि मे महिन्यात हा रोड अंगावर घेतला आहे. पाठ झाला म्हणजे किती, तर डोळे मिटून नुसत्या वासावर सांगायचो कुठे आलो. किनगावपर्यंत ओल्या केळीचा वास. चोपड्यात सरकीचा. शिरपूरच्या चौफुलीवर डिझेल, कारण तिथे मुंबई-आग्रा आडवा येतो. शहाद्याकडे हंगामात उसाच्या मळीचा. तळोद्याच्या पुढे मोहाचा, तोही फक्त मार्च-एप्रिलमध्ये.

पण मला खरं सांगायचंय ते बोलीचं. एकाच दिवसात, एकाच रस्त्यावर, 'कुठे उतरायचं' हा प्रश्न मला इतक्या तऱ्हांनी विचारला गेलाय. रावेर-फैजपूरला शेजारचा माणूस म्हणणार, कुठी उतरनं भो? चोपडा सोडलं की, कथा उतरनं शे? शहाद्याला गुजर बायका आपसांत गुजरी बोलतात, ती मला कधीच पुरती कळली नाही. मधे पावरा मंडळी चढली की पावरी. अक्कलकुव्याला देहवाली. आणि सागबाऱ्याकडे गेलात की, क्यां उतरवानुं? शाळेत मी शिकवायचो प्रमाण मराठी, जी ह्या पूर्ण रस्त्यावर कोणाच्याच घरात बोलली जात नव्हती. माझ्यासुद्धा.

वर्गात एक मुलगा होता, त्याचं गाव नर्मदेकाठी बुडालं होतं आणि घर तळोदा तालुक्यात वसाहतीत आलं होतं. त्याला निबंध दिला 'माझे गाव'. त्याने विचारलं, गुरुजी, वरचं का खालचं? मी म्हटलं जे आठवतं ते. त्याने नदी काढली. निबंध नाही, चित्र. मी दहापैकी दहा दिले आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी मला विचारलं, हे काय? अजून तो कागद माझ्याकडे आहे.

विषय भरकटला. माफ करा, तास संपला.

सावद्याची_सून

मास्तर, भरकटा. आम्ही इथे त्यासाठीच आलोय. (दूध उतू गेलं माझं हे वाचताना, ते वेगळं.)

जुन्या_वाटा

थोडं इतिहासाचं टाकतो, कंटाळा आला तर पुढे जा.

रस्ता 'राज्य महामार्ग' झाला तो आपल्या काळात. पण ह्याचा पूर्वेकडचा भाग, म्हणजे चोपड्यापासून बऱ्हाणपूरपर्यंतचा, मोगलाईत सुरतेच्या व्यापाराची वाट होती. टॅव्हर्नियर नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात सुरतेहून बऱ्हाणपूरला आला, त्याने मुक्कामांची यादी दिली आहे. तीत नवापूर आहे, नंदुरबार आहे, थाळनेर आहे, आपलं चोपडं आहे. म्हणजे तो तळोदा-नेत्रंगच्या जंगलातून आला नाही, दक्षिणेकडून आला. नंदुरबार तापीच्या दक्षिणेला, थाळनेर उत्तरेला, त्याअर्थी मधे कुठेतरी नदी उतरली आणि मग आपल्या बाजूने बऱ्हाणपूर गाठलं. त्याच्याही आधी, १६१५ मध्ये, इंग्रजांचा वकील टॉमस रो जहांगीराच्या दरबाराकडे निघाला तेव्हा सुरतेहून आधी बऱ्हाणपूरलाच आला, शहजादा परवेझला भेटायला.

कारण बऱ्हाणपूर म्हणजे तेव्हाचं आपलं मुंबई-दिल्ली एकत्र. खानदेशाची राजधानी. फारुकी सुलतानांनी वसवलेलं, १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि सुभा मोगलांचा झाला. मुमताज महल १६३१ मध्ये बऱ्हाणपूरलाच गेली, आधी तापीपलीकडे झैनाबादेच्या बागेत पुरली आणि नंतर आग्र्याला नेली. ताजमहाल आपल्या रोडवर व्हायचा राहिला असं आमचे सर म्हणायचे.

थाळनेरला जाऊन या कोणी गेलं नसेल तर. फारुकींच्या कबरी आहेत, आणि पडका किल्ला तापीच्या कड्यावर. १८१८ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी तो घेतला, किल्लेदार तुळशीरामला फाशी दिलं आणि आतली शिबंदी कापून काढली. आता तिथे शेळ्या चरतात आणि खाली नदीत पोरं मासे धरतात.

अनेरकाठ

थाळनेर म्हणजे लता मंगेशकरांचं आजोळ ना?

जुन्या_वाटा

@अनेरकाठ हो. माई मंगेशकर थाळनेरच्या.

गुळनदी

ताजमहाल सावद्याला झाला असता तर केळीच्या ट्रकांना पार्किंग कुठे मिळालं असतं?

वांगंभरीत

कोणीच खाण्याबद्दल लिहिलं नाही, खानदेशी म्हणवता? यावलकडून जाताना बामणोदची वांगी घेतल्याशिवाय आमची गाडी पुढे सरकत नाही. हिरवी-पांढरी, मोठी, बियाच नाहीत. काट्यांवर भाजायची, तुराट्यांवर भाजली तरी चालतील, गॅसवर भाजली तर मला सांगू नका.

तापीपार

असोद्याची वांगी खाल्ली नाहीत म्हणून बोलताय.

वांगंभरीत

@तापीपार खाल्लीयेत. म्हणूनच बोलतोय.

तापीपार

बहिणाबाईंचं माहेर आहे असोदा. विषय संपला.

वांगंभरीत

वांग्याला कवितेने चव येत नाही भाऊ.

रावेरी_भो

भांडू नका. दोन्हीकडची आणा, मी भाजतो. कळण्याची भाकरी कोण करतंय?

सावद्याची_सून

पुरुषांनी भाजायचं आणि भाकरी आम्ही, हो ना? करा की स्वतः. बरं, बऱ्हाणपूरचा दराबा आणि मावा जिलेबी राहिली यादीत. आमचे हे लग्नाच्या वाढदिवसाला दराबा आणतात, पाव किलो. पाव किलो!!

नवीन_सदस्य_नागपूर

बऱ्हाणपूरचे मांडे म्हणजे खापरावरची पुरणपोळीच का? प्रामाणिक प्रश्न.

रावेरी_भो

@नवीन_सदस्य_नागपूर नाही हो. आपले मांडे पुरणाचे, खापरावरचे. बऱ्हाणपूरचा मांडा म्हणजे मैद्याची भलीमोठी पातळ रोटी, हवेत फिरवून मोठी करतात, रस्स्याबरोबर खातात. नाव एक, जात वेगळी. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी पण त्यावर तूप मागितलं होतं. हसले सगळे.

शांत_पाणी

सगळे हसतखेळत लिहिताय, छान वाटतंय. मी लिहू का नको असं चाललं होतं.

माझा मोठा भाऊ ह्याच रोडवर गेला. डिसेंबर, उसाचा हंगाम. रात्री मोटरसायकलवर येत होता, पुढे उसाची ट्रॉली उभी, चाक बदलायला थांबलेली, मागे लाल दिवा नाही, कागद नाही, साधी झाडाची फांदीसुद्धा टाकली नव्हती. त्याला दिसलीच नाही. मागच्या उसात त्याचं हेल्मेट अडकलं होतं. हेल्मेट घातलं होतं त्याने.

वडिलांनी नंतर एक काम केलं. बाजारातून लाल चमकणारी पट्टी आणायचे, मोठी रोल, आणि हंगामात संध्याकाळी फाट्यावर बसायचे. जी ट्रॉली, जी बैलगाडी येईल तिला थांबवून मागे पट्टी चिकटवायचे. गाडीवान लोक दूरदूरचे, भाषा पण नीट कळायची नाही. काही वैतागायचे. एकाने विचारलं, किती पैसे? वडील म्हणाले, काही नको, फक्त काढू नकोस. सात हंगाम चिकटवल्या. आता गुडघे चालत नाहीत, तर मी चिकटवते, जमेल तेव्हा.

एवढंच.

केळीबांध

ताई, काय लिहू. वाचलं.

हिशोबी_मास्तर

ताई, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. फाटा कुठला ते व्यक्तिगत निरोपात कळवाल का? आमच्या शाळेची पोरं येतील पट्ट्या लावायला.

शांत_पाणी

@हिशोबी_मास्तर कळवते. धन्यवाद.

रिटायर_बिल्लावाला

बेटा, त्या पट्ट्या मी पाहिल्या असतील. रात्रीच्या मुक्कामी गाडीला ड्रायव्हर म्हणायचा, ह्या बाजूच्या गाड्या बऱ्या दिसतात.

पपईवाला_शहादा

मन्हा ट्रॅक्टरले आजच लावस. सांगनं काम नही आते.

मार्गशीर्ष

दोन दिवसांनी आलो, धागा कुठल्या कुठे गेला. घोड्यांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. दत्त जयंतीला सारंगखेड्याची यात्रा, एकमुखी दत्ताची, आणि घोड्यांचा बाजार. आता ट्रकमधून येतात पण आम्ही लहान असताना काही घोडे चालत जायचे आमच्या दारावरून. पहाटेच्या थंडीत, तोंडातून वाफ, अंगावर गोधडी, पायाला लोकरीची पट्टी. आई ओरडायची, जवळ जाऊ नका, लाथ मारतील. एक मालक थांबून चहा प्यायचा आमच्याकडे दरवर्षी. एका वर्षी परत जाताना घोडा नव्हता बरोबर, चालत चालला होता, खिशात पैसे होते आणि डोळ्यात पाणी. वडील म्हणाले, विकायलाच नेला होता ना? तो म्हणाला, हो ना.

भोंगऱ्या

होळीच्या आधीच्या आठवड्यात हा रोड बघा, मग कळेल आमची माणसं काय चीज आहेत. सातपुड्यातून खाली भोंगऱ्या बाजाराला, म्हणजे होळीआधीच्या आमच्या आदिवासी बाजाराला उतरतात, ढोल खांद्यावर, बासऱ्या, चांदी. महाशिवरात्रीला देवमोगरा मातेला जाणारे पायी, डोक्यावर टोपली, रस्त्याच्या कडेने रांग. गाडीवाले हॉर्न देतात. हॉर्न देऊ नका. ती वाट आधी त्यांची आहे.

चौफुली

फैजपूर राहिलं का? तिथे १९३८ ला काँग्रेसचं अधिवेशन झालं होतं ना.

जुन्या_वाटा

@चौफुली १९३६, डिसेंबर. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. १९३८ चं हरिपुऱ्याचं, ते सुद्धा तापीकाठीच पण गुजरातेत, सुभाषबाबूंचं. फैजपूरला अध्यक्ष नेहरू, आणि मंडपाची सजावट नंदलाल बोसांनी बांबू-चटयांतून केली होती. धनाजी नाना चौधरींनी रान उठवलं होतं तालुक्यात, साने गुरुजी पण राबले.

चौफुली

धन्यवाद. माझे पणजोबा गेले होते चालत, चोपड्याकडून. घरात कायम सांगायचे, मी फैजपूरला गेलो होतो. आम्ही विचारायचो, नेहरू कसे दिसत होते? म्हणायचे, नेहरू कुठे दिसले, धूळच इतकी. रथाचे बैल दिसले. काय बैल होते! आणि मग अर्धा तास बैलांचं वर्णन. गांधीजींबद्दल एकच वाक्य, म्हणायचे, पंगतीत वाढणाऱ्यांना शिस्त होती.

उधना_यार्ड

सुरतेहून लिहितोय. आमची निम्मी गल्ली यावल-चोपडा-शिरपूरची आहे. हातमागावर नाही, पॉवरलूमवर आलो सगळे. गावाकडची गाडी इथे लागली की स्टँडवर खानदेशी ऐकू येते, तेवढं ऐकायला मी कधी कधी उगाच जातो. कोणी ओळखीचं भेटलं तर लोणच्याची बरणी हातात देतं, इकडे पोचव, तिकडे पोचव. एकदा अख्खा फणस दिला.

गुळनदी

खानदेशात फणस?

उधना_यार्ड

तोच तर प्रश्न मी पण विचारला त्याला.

केळीबांध

मंडळी, अपडेट. काल लहान भावाला पिकअप घेऊन पाठवलं होतं, दगड उचलून आण म्हटलं, अंगणात लावतो. तो गेला तर दगड नाही. मुरमात खड्डा आहे दगडाच्या मापाचा, त्यात पाणी साचलंय. मजुरांना विचारलं, ते म्हणाले, इथे दगड होता?

अनेरकाठ

नेला असेल कोणीतरी. आमच्याकडे शेजारच्या मळ्यात दोन आहेत. एकावर बायका धुणं धुतात, दुसरा विहिरीपाशी, त्याच्यावर बसून म्हातारा मोटार चालू-बंद करतो. 'चोप' वाचता येतं, 'डा' त्याच्या बुडाखाली.

रावेरी_भो

😂😂😂

केळीबांध

@अनेरकाठ तो धुण्याचा कुठला आहे? नाव दिसतं का?

अनेरकाठ

@केळीबांध उद्या सकाळी बघून सांगतो. साबणाने पांढरा झालाय पण खोदलेलं असेल तर हाताला लागेल.

सावद्याची_सून

अंकलेश्वर निघालं तर माझा नवस तिथेच फेडते. नारळ घेऊन येऊ का?

अनेरकाठ

या की. धुणं पण आणा.

गुळनदी

कोणाला माहिती आहे का, यावलहून सुरतेला रात्रीची गाडी किती वाजता आहे सध्या? मावशीला पाठवायचंय.

रिटायर_बिल्लावाला

वेळा बदलतात. स्टँडवर चौकशी खिडकीत विचारा, फोनवर विश्वास ठेवू नका. आणि मावशींना खिडकीची डावी बाजू द्या, उजवीकडे सकाळी ऊन लागत नाही पण रात्री फटीतून वारा येतो.